मेळ बसत नाही तेव्हा

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एका पतसंस्थेत हिशेबनीस होते. संध्याकाळी रोकड मोजून झाली आणि रोजकीर्दीतली शिल्लक व पेटीतली शिल्लक जुळली नाही, की ते ठरलेल्या क्रमाने पुढे जात. आधी बेरीज पुन्हा. तरीही फरक राहिला तर त्याला नऊने भाग जातो का बघायचं. जात असेल तर बहुधा कुठेतरी आकडे उलटे पडलेत, ७२ चे २७ झालेत. तेही नसेल तर एखादं व्हाउचर राहिलंय का ते शोधायचं: टेबलाच्या खणात, फायलीच्या पोटात, शिपायाच्या खिशात. त्यापुढची पायरी ते कधी बोलून दाखवत नसत. ती पायरी म्हणजे ज्याच्या शब्दावर सगळा कारभार चालतो त्याच्यावर संशय घेणं.

फरक रुपयाचा असला तरी तो एका लहान वहीत जायचा. वहीत तीन रकाने होते. तारीख, फरक, कारण. कारण सापडेपर्यंत तिसरा रकाना कोरा राहायचा आणि अण्णांना नीट झोप लागायची नाही.

याच पायऱ्या पुढे मला अगदी वेगळ्या ठिकाणी भेटल्या. सूर्यमालेतल्या ग्रहांच्या गतीचा हिशेब माणसं गेली सव्वातीनशे वर्षं करत आली आहेत आणि तो अनेकदा जुळलेला नाही. न जुळल्यावर कुणी काय केलं, ही खगोलशास्त्राची गोष्ट आहेच. पण तिच्यात एक प्रश्न आहे जो दुर्बिणीला डोळा न लावलेल्या माणसालाही चुकत नाही. ज्याच्यावर आपला पूर्ण भरवसा आहे त्याच्या विरुद्ध पुरावा समोर आला, तर भरवसा कुठवर ठेवायचा? निष्ठा कुठे संपते आणि आडमुठेपणा कुठे सुरू होतो?

आधी हिशेब काय आहे ते पाहू. आंबा देठापासून सुटला की पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर खाली येतो. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येच्या साधारण ६० पट दूर आहे, आंबा एक पट. न्यूटनच्या म्हणण्याप्रमाणे ओढ अंतराच्या वर्गाने कमी होते, म्हणून चंद्रावरची ओढ ६० गुणिले ६०, म्हणजे ३६०० पटींनी कमी. त्यामुळे आंबा एका सेकंदात जितका पडतो तितकं पडायला चंद्राला एक मिनिट लागतं. पडतात दोघंही. चंद्र पडता पडता आडवाही इतक्या वेगाने जात असतो की जमीन त्याच्याखालून वळून निघून जाते आणि त्याचं पडणं कधी पुरं होत नाही. पृथ्वीचंही तसंच आहे. हे वाक्य वाचायला तुम्हाला काही सेकंद लागले असतील. त्यातल्या प्रत्येक सेकंदात पृथ्वी सुमारे ३० किलोमीटर पुढे गेली आणि सूर्याकडे जेमतेम ३ मिलिमीटर पडली.

इथपर्यंत गोष्ट देखणी आहे. अडचण पुढे आहे. नियम म्हणतो की प्रत्येक वस्तू दुसऱ्या प्रत्येक वस्तूला ओढते. म्हणजे पृथ्वीला एकटा सूर्य ओढत नाही, गुरूही ओढतो, शुक्रही ओढतो, आणि पृथ्वी त्यांना उलट ओढते. एकटा ग्रह आणि सूर्य असते तर कक्षा स्वच्छ लंबवर्तुळ झाली असती. प्रत्यक्षात प्रत्येक कक्षा किंचित डळमळते आणि कागदावरचा ग्रह व आकाशातला ग्रह यांचा मेळ बसवायला या सगळ्या देण्याघेण्याची नोंद ठेवावी लागते. हे खातं कधी बंद होत नाही.

पहिला मोठा फरक चंद्राच्या खात्यात निघाला. चंद्राची कक्षा थोडी लांबट आहे आणि ती लांबट बाजू सुमारे नऊ वर्षांत एक फेरी मारते. सूर्याची ओढ धरून हे फिरणं काढलं तर ते निम्मंच येत होतं. अर्धी रक्कम गायब. १७४७ मध्ये अलेक्सी क्लेरो या फ्रेंच गणितज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीत उभं राहून सांगून टाकलं की न्यूटनचा नियम अपुरा आहे, त्यात आणखी एक पद जोडलं पाहिजे. खळबळ माजली. निसर्गाचा नियम असा ठिगळं लावलेला असूच शकत नाही, असं म्हणत ब्युफाँने त्याच्याशी वाद घातला. क्लेरो गणित करत राहिला आणि १७४९ मध्ये त्याच अकादमीत त्याने आपलं म्हणणं मागे घेतलं. नियम बरोबर होता. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून जी पदं त्याने किरकोळ समजून सोडली होती ती किरकोळ नव्हती. अण्णांच्या भाषेत, बेरीज चुकली होती.

यात ब्युफाँ बरोबर ठरला, पण त्याच्याकडे गणित नव्हतं, नुसती श्रद्धा होती. क्लेरो चुकला, पण चूक त्यानेच शोधली. दहा वर्षांनी त्यानेच लालांद आणि निकोल-रेन लपोत यांच्या मदतीने हॅलेच्या धूमकेतूचं गणित केलं. गुरू आणि शनी वाटेत ओढतील म्हणून तो उशिरा येईल, एप्रिल १७५९ च्या मध्यावर सूर्याजवळ असेल, महिनाभर इकडेतिकडे, असं त्यांनी आधीच जाहीर केलं. धूमकेतू १३ मार्चला सूर्याच्या सर्वांत जवळ पोचला. न्यूटनच्या नियमाची पत वाढली. हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. पत एका दिवसात येत नाही. घेतलेलं पुन्हा पुन्हा वेळेवर फेडून ती येते.

दुसरा फरक युरेनसचा. आपल्या पंचांगांत या ग्रहाला हर्षल म्हणतात, कारण १७८१ मध्ये तो विल्यम हर्शेलला सापडला. शोधल्यावर लक्षात आलं की त्याआधीही लोकांनी त्याला पाहिलं होतं, फक्त तारा समजून टिपून ठेवलं होतं. सर्वांत जुनी नोंद १६९० ची. म्हणजे शंभरहून अधिक वर्षांचा जमाखर्च आयता मिळाला. आलेक्सी बुव्हारने १८२१ मध्ये त्यावरून ग्रहाची कोष्टकं तयार केली. जुन्या नोंदी आणि नव्या नोंदी एका कक्षेत बसेनात. त्याने जुन्या नोंदी बाजूला काढल्या आणि फक्त नव्यांवर कोष्टकं बेतली. मात्र हे त्याने लपवलं नाही. जुनी निरीक्षणं ढिली होती की ग्रहावर कुणा अज्ञाताचा परिणाम होतोय, हे पुढच्यांनी ठरवावं, असं त्याने नोंदवून ठेवलं. काही वर्षांतच नव्या नोंदीही कोष्टकांपासून ढळू लागल्या.

आता तीन वाटा होत्या. गणित चुकलं असेल. काहीतरी न दिसणारं असेल. किंवा इतक्या लांब गुरुत्वाकर्षणाचा नियमच वेगळा असेल. खुद्द ब्रिटनचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी या शक्यतेचा विचार करत होते. पॅरिसमध्ये अरागोने हे काम उर्बँ ल व्हेरिए या तरुण गणितज्ञाकडे सोपवलं. त्याने दुसरी वाट धरली. नियम खरा, गणित खरं, निरीक्षण खरं. तर मग युरेनसच्या पलीकडे एक ग्रह असलाच पाहिजे.

आपल्याकडच्या मीमांसकांनी या युक्तिवादाला नाव दिलेलं आहे, अर्थापत्ती. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी तो धष्टपुष्ट आहे. म्हणजे तो रात्री जेवत असणार. त्याला रात्री जेवताना कुणी पाहिलेलं नाही. पण ते मानल्याशिवाय दोन खऱ्या गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. नैयायिकांना हे वेगळं प्रमाण मान्य नव्हतं, ते त्याला अनुमानाच्या पोटात घालत. मीमांसक मात्र ठाम होते की ही ज्ञान मिळवण्याची स्वतंत्र रीत आहे.

ल व्हेरिएने आपला देवदत्त रात्री नेमका कुठे जेवतो हेही सांगितलं. त्याचं पत्र २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिन वेधशाळेत योहान गाल्लच्या हाती पडलं. त्याच रात्री गाल्ल दुर्बिणीवर बसला. दारे नावाचा विद्यार्थी नवा तारानकाशा घेऊन शेजारी उभा राहिला. गाल्ल एकेक तारा सांगायचा, दारे नकाशात ताडून बघायचा. थोड्याच वेळात एक तारा असा आला जो नकाशात नव्हता. सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्याही आत. तोच नेपच्यून.

केंब्रिजमध्ये जॉन अ‍ॅडम्सने स्वतंत्रपणे असंच गणित केलं होतं आणि तिथे चॅलिसने ऑगस्टमध्येच या ग्रहाची दोनदा नोंद केली होती, पण तो ग्रह आहे हे त्याला कळलं नव्हतं. आणि एक कमी सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे ल व्हेरिएचं गणितही पूर्ण बरोबर नव्हतं. त्याने नेपच्यूनचं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ३६ पट धरलं होतं, ते आहे ३० पट. त्या काळात दिशा तेवढी जुळत होती. नशिबाचा हात होता, पण थोडा. मुख्य काम भरवशाने केलं. नियमाची पत खरी निघाली आणि ल व्हेरिएला जगभर कीर्ती मिळाली.

तिसरा फरक बुधाचा. तोही ल व्हेरिएनेच काढला. बुधाच्या कक्षेचा सूर्याला सर्वांत जवळ असलेला बिंदू हळूहळू सरकतो. इतर ग्रहांची ओढ धरली तर या सरकण्याचा बहुतेक भाग समजतो. १८५९ मध्ये ल व्हेरिएने जाहीर केलं की शतकाला ३८ विकला उरतात. पुढे न्यूकम्बने तो आकडा ४३ केला. ४३ विकला म्हणजे किती? नुसत्या या उरलेल्या सरकण्याने कक्षेला एक पूर्ण फेरी मारायला ३० लाख वर्षं लागतील. कुणी म्हटलं असतं, सोडून द्या. ल व्हेरिएने सोडलं नाही. शुक्राचं वस्तुमान वाढवून बघितलं, तर पृथ्वीच्या गतीत गडबड होत होती. मग त्याने तेच केलं जे तेरा वर्षांपूर्वी यशस्वी झालं होतं. बुधाच्या आत, सूर्याजवळ, एक न दिसणारा ग्रह किंवा लहान ग्रहांचा समूह असला पाहिजे.

इथे थांबून पाहायला हवं. हा युक्तिवाद आणि नेपच्यूनचा युक्तिवाद यांत तर्काच्या दृष्टीने तसूभर फरक नाही. तोच माणूस, तीच पद्धत, तोच काटेकोरपणा. एकीकडे ग्रह होता, दुसरीकडे नव्हता, आणि हे आतून, नुसत्या विचाराने कळायला मार्ग नव्हता.

ग्रह दिसायलाही लागला. लेस्कार्बो नावाच्या एका खेड्यातल्या डॉक्टरने कळवलं की २६ मार्च १८५९ ला त्याने सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका जाताना पाहिला. ल व्हेरिए डिसेंबरअखेर न कळवता त्याच्या दारात हजर झाला, वकिलासारखी त्याची उलटतपासणी केली आणि खूश होऊन परतला. ग्रहाला व्हल्कन हे नाव मिळालं, डॉक्टरला सरकारी सन्मान. लिए नावाचा खगोलज्ञ म्हणाला, त्याच वेळी मी ब्राझीलमधून अधिक चांगल्या दुर्बिणीने सूर्यच बघत होतो, तिथे काही नव्हतं. त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं गेलं नाही. शिवाय डॉक्टरने पाहिलेला ठिपका इतका लहान होता की एकट्याने तो बुधाला एवढा हलवू शकत नव्हता. मग असे आणखी ठिपके असतील, असं झालं. २२ मार्च १८७७ ला व्हल्कन सूर्यासमोरून जाण्याची शक्यता ल व्हेरिएने वर्तवली. लोक दुर्बिणी लावून बसले. काही दिसलं नाही. त्याच वर्षी ल व्हेरिए वारला. तारीख होती २३ सप्टेंबर, नेपच्यून दिसला तीच. व्हल्कनवरचा त्याचा विश्वास शेवटपर्यंत गेला नव्हता.

आता न दिसण्याबद्दल. भाट्ट मीमांसक आणि वेदान्ती अनुपलब्धी नावाचं आणखी एक प्रमाण मानतात. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून घट नाही असं ज्ञान होतं. पण त्याला त्यांनी एक अट घातली, योग्यतेची. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घट न दिसणं हा घट नसल्याचा पुरावा नव्हे. पिशाच न दिसणं हाही पुरावा नव्हे, कारण पिशाच दिसण्याजोगं नसतंच. व्हल्कनचं दुखणं नेमकं इथे होतं. तो सूर्याच्या झगमगाटात होता, म्हणून न दिसणं कधी पुरेसं ठरत नव्हतं. प्रत्येक हुकलेल्या तारखेनंतर त्याला आणखी थोडा अंधार मिळत गेला. हळूहळू घटाचं पिशाच झालं. खग्रास ग्रहणाच्या वेळी सूर्याभोवतीच्या आकाशाचे नीट फोटो काढता येऊ लागल्यावर, १९०१ ते १९०८ च्या दरम्यान लिक वेधशाळेच्या मोहिमांनी, खोलीत पुरेसा उजेड आणला. घट नव्हता.

आता अण्णांचं सांगतो.

पतसंस्थेच्या मॅनेजरवर एकदा गावाने संशय घेतला होता. एक मोठी रक्कम जमा दिसत नव्हती. संचालक त्यांना काढायला निघाले होते. अण्णा म्हणाले, हा माणूस असं करणार नाही, कागद राहिलाय. चार रात्री बसून त्यांनी तो कागद शोधला, दुसऱ्या शाखेच्या फायलीत चुकून लागलेला. मॅनेजर वाचले. अण्णांचा गावात दबदबा झाला. हा त्यांचा नेपच्यून.

सात-आठ वर्षांनी पुन्हा मेळ बसेना. या वेळी रोकडीत नाही, कर्जाच्या व्याजात. ठरावीक काही खात्यांवर व्याज येणं दिसायचं, येत नसायचं, आणि मार्चअखेर त्या कर्जांचं नवं-जुनं व्हायचं. जुनं कर्ज नव्या कर्जातून फेडल्याचं दाखवायचं, की कागदावर सगळं स्वच्छ. मॅनेजर म्हणायचे, वसुली पुढच्या हंगामात आहे. अण्णांना पटायचं. का पटू नये? या माणसाबद्दल सगळं गाव एकदा चुकलं होतं आणि ते एकटे बरोबर होते. माझी आत्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाली तेव्हा तिने फंडाचे पैसे कुठे ठेवू विचारलं, आणि अण्णांनी आपली पतसंस्था सांगितली.

संस्था बुडाली ती बऱ्याच संस्था बुडतात तशीच, एका सकाळी शटर अर्धं वर आणि बाहेर गर्दी. अण्णांवर कसलाच आरोप आला नाही. आत्या आमच्याकडे आली, चहा घेतला, आणि म्हणाली, "दादा, पैशांचं राहू दे. तुला ठाऊक होतं का, एवढंच सांग." अण्णा काही बोलले नाहीत. नंतरही कधी बोलले नाहीत. मी अनेक वर्षं धरून चाललो की ते भोळे होते. कधी कधी त्याहून वाईट शब्द मनात आला.

ल व्हेरिएची गोष्ट वाचल्यावर भोळेपणाची उपपत्ती मला सोडावी लागली. पूर्वी तारलेला भरवसा पुन्हा ठेवणं हा मूर्खपणा नसतो. उलट, पहिल्याच फरकाला नियम टाकून देणारा क्लेरो चुकला होता. 'विरुद्ध पुरावा आला की सिद्धान्त सोडा' हा नियम ऐकायला कडक आणि प्रामाणिक वाटतो, पण तो पाळला असता तर नेपच्यून सापडला नसता. आणि माणसांच्या बाबतीत तो पाळला तर कुणाचाच कुणावर भरवसा राहणार नाही. मित्र एकदा खोटं बोलला असं दिसलं, तर आपण आधी म्हणतो, काहीतरी कारण असेल. तसं म्हणता येणं म्हणजेच तर मैत्री. न दिसणाऱ्या ग्रहाची कल्पना आपण सगळेच रोज करतो.

मग चूक कुठे होते? शेवट माहीत झाल्यावर सांगणं सोपं आहे. बुधाच्या हिशेबाचा शेवट १८ नोव्हेंबर १९१५ ला झाला, बर्लिनमध्येच, जिथे नेपच्यून दिसला होता. आईनस्टाईनने तिथल्या अकादमीत निबंध सादर केला. त्याच्या नव्या सिद्धान्तात गुरुत्वाकर्षण ही ओढ उरली नव्हती. सूर्यामुळे अवकाश आणि काळच वाकतात आणि ग्रह त्या वाकलेल्या अवकाश-काळात शक्य तितका सरळ जातो. त्या गणितातून बुधाच्या वाट्याला जादा ४३ विकला आपोआप येत होत्या, कुठलंही ठिगळ न लावता. त्याआधी लोकांनी ठिगळंही लावून पाहिली होती. असाफ हॉलने १८९४ मध्ये सुचवलं होतं की अंतराचा घात २ न धरता २.००००००१६ धरावा. बुध जुळला, पण पुढे चंद्र बिघडला. म्हणजे बेरीज चुकली नव्हती, व्हाउचरही राहिलं नव्हतं. ज्याच्या शब्दावर सगळं चाललं होतं तो नियमच अपुरा होता. अण्णा जी पायरी बोलत नसत, ती.

पण आईनस्टाईनची गोष्टही वाटते तितकी सरळ नाही. १९१३ मध्ये त्याने मित्र बेसोबरोबर आपल्या सिद्धान्ताच्या आधीच्या रूपावरून हेच गणित केलं होतं. उत्तर आलं १८ विकला. हवे होते ४३. त्याने सिद्धान्त सोडला नाही. ते पानही छापलं नाही, टिपणांतच राहू दिलं. दोन वर्षांनी इतर कारणांबरोबर या कारणानेही त्याने ती समीकरणं टाकून दिली आणि तसं मोकळेपणी सांगितलं. १९१४ साली त्याच्याकडे पाहणाऱ्याने काय म्हटलं असतं, निष्ठा की हट्ट?

तेव्हा किती काळ धरून ठेवलं यावरून निष्ठा आणि हट्ट ओळखता येत नाहीत असं मला वाटतं. बरोबर ठरण्यावरूनही नाही. ब्युफाँ काही न करता बरोबर ठरला. मला फरक दिसतो तो न जुळलेल्या आकड्याचं माणूस काय करतो यात. तो आकडा येणं म्हणून उघडा ठेवतो, की त्याचं नवं-जुनं करतो? व्हल्कन दिसला नाही ही गोष्ट प्रत्येक वेळी त्याच्या खात्यावर नावे पडायला हवी होती. ती नव्या तारखेच्या आशेत जिरवली गेली. इथे ल व्हेरिए चुकला.

पण त्याच ल व्हेरिएने एक गोष्ट अशी केली की ती चूक त्याच्याबरोबर संपली. त्याने ३८ विकला छापल्या. कारण चुकीचं दिलं, पण फरक बिनचूक आणि चारचौघांत मांडला. त्यामुळे न्यूकम्बला तो तपासता आला, सुधारता आला, आणि १९१५ मध्ये एका परक्या माणसाला आपला सिद्धान्त त्यावर घासून बघता आला. बुव्हारने जुन्या नोंदी टाकल्या, पण टाकल्या असं सांगितलं. क्लेरोने अर्धी रक्कम सापडत नाही हे अकादमीत सांगितलं आणि सापडली हेही तिथेच. ही सगळी माणसं कधी ना कधी चुकली. तरी हिशेब पुढे गेला, कारण फरक कुणाच्या एकट्याच्या खणात राहिला नाही.

अण्णा गेल्यानंतर कपाट आवरताना ती लहान वही सापडली. मला खात्री होती की शेवटची दोन वर्षं कोरी असतील, त्यांनी डोळे मिटून घेतले असतील. कोरी नव्हती. दर महिन्याची तारीख होती. व्याजातला फरक पैशापर्यंत लिहिलेला होता, त्याच सुवाच्य अक्षरात. तिसरा रकाना शेवटपर्यंत रिकामा. मॅनेजरनी दिलेलं कारण त्यांनी एकदाही तिथे लिहिलं नव्हतं. म्हणजे तोंडाने मान्य केलं होतं, पण वहीने मान्य केलं नव्हतं.

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या वहीत होतं. त्यांना कारण ठाऊक नव्हतं, फरक ठाऊक होता. कारण ठाऊक नसताना कुणावर आरोप करणं अण्णांच्या स्वभावात नव्हतं आणि ते मला आजही चुकीचं वाटत नाही. पण आरोप न करताही फरक सांगता आला असता. संचालकांना, लेखापरीक्षकाला, निदान बहिणीला. 'एवढे जुळत नाहीत, का ते मला माहीत नाही' एवढं एक वाक्य. तो फरक त्यांच्या मालकीचा नव्हता. ज्यांचे पैसे होते त्यांचा होता.

वही मी आत्याला नेऊन दाखवली. तिने चष्मा लावून सगळी पानं पाहिली, बोटाने एकेक रक्कम वाचत. मग वही मिटून माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "अक्षर किती छान होतं बघ दादाचं."